मोटारीची वाकनिशी

बंगळूर शहरात मोटारविद्येची दोन ठाणी आहेत, आणि त्यांच्यातील अंतर थोड्या कोसांचे असले तरी त्या दोहोंचा परस्परांशी फारसा राबता असल्याचे दिसत नाही. एक ठाणे शिवाजीनगरच्या गल्ल्यांत, जेथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग ढिगाने रचलेले असतात आणि दखनी बोलणारा मेस्त्री बॉनेटखाली कान नेऊन, डोळे किंचित मिटून, इंजिनाच्या दुखण्याचे निदान करतो. दुसरे आडुगोडी आणि कोरमंगला या भागांत, जेथे वातानुकूलित दालनांत बसलेले अभियंते देशोदेशींच्या गाड्यांसाठी अशी आज्ञावली रचीत असतात की, चालकासमोरच्या फळीवरील एखादा तांबडा वा पिवळा दिवा नेमक्या क्षणी उजळावा आणि अन्य क्षणी निमूट विझलेला राहावा. दिवा लावणारे आणि दिव्याचा अर्थ लावणारे एकाच नगरीत नांदावेत, हा योग सहजासहजी घडलेला नाही. त्यामागे सुमारे शतकभराचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मराठी मुलखाचा वाटा आपण समजतो त्याहून अधिक आहे.

तसा या नगरीशी आपला ऋणानुबंध मोटारीहून पुष्कळच जुना. १६३८ साली केंपेगौडाच्या हातून बंगळूर गेल्यावर विजापूरच्या दरबाराने ती जहागीर शहाजीराजांकडे सोपविली आणि त्यानंतर सुमारे अर्धशतकभर ती भोसल्यांच्या ताब्यात राहिली. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीला स्वातंत्र्यानंतर शिवाजीनगर हे नाव मिळाले, एवढ्यावर कित्येकांची ही आठवण संपते. मला मात्र येथे त्या काळातील एका अधिकारपदाची आठवण होते. शिवकालीन अष्टप्रधानांत मंत्री म्हणजेच वाकनीस या प्रधानाकडे राजाच्या दैनंदिन व्यवहाराची टिपणे राखण्याचे आणि त्याच्या सुरक्षिततेवर नजर ठेवण्याचे काम असे. हुजुरास कोणती वार्ता केव्हा कळवावी, याचा विवेक त्याच्यापाशी असावा लागे. मोटारीलाही आरंभापासून अशी एक वाकनिशी लागत आली आहे. इंजिनात तेल किती, पाणी किती तापले, बॅटरीत विद्युत् भरते आहे की नुसतीच उपसली जाते आहे, मागील सर्व्हिसिंगला किती मैल लोटले, या वार्ता कोणीतरी टिपल्या पाहिजेत आणि कोणीतरी वेळेवर कळविल्या पाहिजेत. हे दप्तर कोणाच्या हाती होते, ते कोणाकडून कोणाकडे गेले, आणि आज ते उघडून पाहण्याचा अधिकार कोणास उरला आहे, हाच या लेखाचा विषय.

प्रारंभी हे दप्तर सर्वस्वी चालकाच्या देहातच होते. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझची पत्नी बेर्था पतीला न सांगता, दोन मुलग्यांना बरोबर घेऊन, त्याने सिद्ध केलेल्या तीन चाकांच्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली तेव्हा तिच्यासमोर ना काटा होता ना दिवा. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने साफ केली, ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले, आणि पाणी तर जेथे मिळेल तेथे वारंवार भरले. सुमारे शंभर किलोमीटरांचा हा प्रवास मोटारीच्या इतिहासातील पहिला दीर्घ प्रवास म्हणून सांगितला जातो, परंतु माझ्या मते देखभालीच्या इतिहासाचेही ते पहिलेच पान होय. कारण दोष नाकाने, कानाने आणि हाताने ओळखून तेथल्या तेथे त्याचे निवारण करण्याची जी रीत पुढे अर्धशतक चालली, तिचा संपूर्ण वस्तुपाठ त्या एका दिवसात सापडतो.

त्यानंतर काटे आले. १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस या अमेरिकी गृहस्थाने रेडिएटरच्या झाकणावरच बसविता येईल असा उष्णतामापक प्रचारात आणला आणि गाडीच्या नाकाडावर तांबड्या द्रवाची रेघ चढताना चालकाला बसल्या जागेवरून दिसू लागली. पुढे तेलाचा दाब, विजेचा प्रवाह आणि पेट्रोलची पातळी दाखविणारे काटे समोरच्या फळीवर एकेक करून विराजमान झाले. १९३० नंतरच्या दशकात हडसन कंपनीने तेलाचा आणि विजेचा काटा काढून त्यांच्या जागी दोन तांबडे दिवे बसविले. चुणचुणीत अमेरिकी मोटारवाल्यांनी त्यांची 'मूर्खांचे दिवे' म्हणून संभावना केली, आणि ती कुत्सित असली तरी अगदीच निराधार नव्हती. काटा प्रवृत्ती दाखवितो, म्हणजे दाब काल होता त्याहून आज थोडा उतरला आहे, घाटात उतरतो पण सपाटीवर पुन्हा सावरतो, असे त्याचे बोलणे असते. दिवा एवढेच सांगतो की मर्यादा ओलांडली गेली. तेलाच्या दिव्यामागे एक लहानशी पडद्याची कळ असते. तेलाचा दाब जोवर त्या पडद्याला रेटून धरतो तोवर विद्युन्मंडल तुटलेले राहते, आणि दाब जवळजवळ नाहीसा झाला म्हणजे मगच ते जुळून दिवा लागतो. अर्थात तो दिवा पेटणे म्हणजे इंजिनाच्या पोलादी पृष्ठभागांमधला तेलाचा थर निघून जाण्याची वेळ आली असणे होय, आणि त्या अवस्थेत 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' असे म्हणणारा मनुष्य बहुधा पंपापर्यंत पोहोचतो, पण त्याचे इंजिन पोहोचत नाही.

आता बंगळुराकडे वळू. १९३५ साली सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून आले आणि हिंदुस्थानात मोटारी घडविण्याची सविस्तर योजना त्यांनी सिद्ध केली. हे गृहस्थ म्हैसूरचे दिवाण म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यांची घडण पुण्याच्या सायन्स कॉलेजातली, आणि त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिक-खानदेश-पुणे या मुलखात गेली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले, जे पुराचे पाणी विशिष्ट पातळीला पोहोचताच आपोआप उघडत आणि पाणी ओसरताच मिटत. पहारेकऱ्याच्या जागरणावर विसंबून न राहता यंत्रानेच आपली वार्ता घ्यावी आणि आपणच कृती करावी, ही कल्पना त्यांना मोटारीच्या कितीतरी आधी सुचलेली होती. त्यांच्या योजनेस भांडवलाची जोड देण्यास पुढे सरसावले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने योजनेस अनुकूलता दाखविली, परंतु १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळच पायउतार झाले. मग म्हैसूर दरबाराकडे रदबदली झाली, दरबार राजीही झाला, आणि महायुद्धाचे निमित्त पुढे करून हिंदुस्थान सरकारने आपली संमती नाकारली. साम्राज्यातील मोटारीच्या बाजारपेठेवर कोणाची मालकी असावी, याविषयीचे सरकारी मत या नकारात पुरेसे स्पष्ट होते.

योगायोग असा की, याच सुमारास विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली आणि तीतून बंगळुरास विमानांचा कारखाना काढण्याचा बेत निघाला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची तेथे नोंदणी झाली. म्हैसूर सरकारने जमीन दिली आणि भागभांडवलही घातले. मोटारीचा परवाना मागावयास गेलेल्या माणसाच्या पदरात विमान पडले, आणि तेही फार दिवस राहिले नाही, कारण १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी विमानदलाच्या स्वाधीन झाला. ह्या हस्तांतरामुळे विमानबांधणी मागे पडली हे खरे. परंतु दुरुस्ती आणि संपूर्ण तपासणी यांचे ते आशियातील एक मोठे केंद्र झाले आणि शेकडो कानडी, तमिळ, मराठी कारागिरांना एका नव्या शिस्तीची दीक्षा मिळाली. विमानाची निगा तक्रार उद्भवल्यावर करावयाची नसते. इतके तास उड्डाण झाले की इंजिन उघडावयाचे, मग ते कितीही सुरळीत चालत असो. अमुक भाग अमुक तासांनी बदलावयाचा, मग तो दिसावयास नवा असो. आणि या सर्वांची नोंद वहीत करून तीखाली जबाबदार माणसाने सही ठोकावयाची. मुदतीवर आधारलेली ही वहिवाट पुढे मोटारीच्या सर्व्हिस पुस्तिकेत आली, आणि या शहरात ती रुजण्यास या कारखान्यात तयार झालेल्या हातांची मदत झाली असली पाहिजे, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर बंगळुरास मोटार मिळाली नाही, परंतु मोटारीची ठिणगी मिळाली. १९५१ साली जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिला सारा देश 'मायको' म्हणूनच ओळखतो, स्थापन झाली आणि आडुगोडीच्या कारखान्यातून स्पार्क प्लग आणि डिझेलचे इंधनपंप बाहेर पडू लागले. पुढे या कंपनीने नाशकातही कारखाना काढला. नाशिककर ज्या चौकाला आजही मायको सर्कल म्हणतात त्याचे कूळ असे बंगळूरचे आहे. इकडे वालचंदांनी आपला हट्ट सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्या जुळविल्या गेल्या आणि १९५० नंतर फियाटचे युग सुरू झाले. म्हणजे बंगळुरात योजलेली मोटार कुर्ल्यात जन्मली आणि तिला लागणारा प्लग आडुगोडीहून येऊ लागला.

त्या फियाटच्या धन्याला आजच्या मानाने पुष्कळच विद्या अवगत असावी लागे, आणि ती विद्या मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हाच प्लग होता. इंजिनातून तो काढून उजेडात धरला की त्याच्या टोकाचा रंग सारी हकीकत सांगे. फिकट तपकिरी असेल तर सर्व क्षेम. कोरडी काजळी धरलेली असेल तर कार्बोरेटर पेट्रोल अधिक सोडतो आहे. काळे आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, आणि मग मागून निळसर धूर निघत असल्याची शेजाऱ्यांची तक्रारही खरी मानावी. पांढरे पडून त्यावर बारीक फोड दिसत असतील तर इंजिन फार तापते आहे. रविवारच्या सकाळी प्लग काढून तारेच्या ब्रशाने घासणे, त्याच्या टोकांतले अंतर पात्याने मोजून अर्ध्या मिलीमीटरहून थोडे अधिक राखणे, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट कानशीने सारखे करणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे आणि तेलाची कांडी पुसून पुन्हा बुडवून पाहणे, हे मध्यमवर्गीय गृहस्थाश्रमाचे एक आन्हिकच होऊन बसले होते. समोर दोन-तीन तांबडे दिवे होते खरे, पण ते लागण्याची वाट पाहणे हे नामुष्कीचे लक्षण समजले जाई.

पुण्याहून बंगळुरास मोटारीने जाणे हे त्या काळी मोठेच साहस होते. साताऱ्याकडे वळताना कात्रज आणि खंबाटकी हे घाट, मग कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हरिहर, दावणगेरे, तुमकूर करीत सुमारे साडेआठशे किलोमीटरांची ती वाट. तीवर पाण्याचा डबा बरोबर नसलेला मोटारवाला विरळा. घाटाच्या माथ्यावर बॉनेट उघडून रांगेने उभ्या असलेल्या आणि वाफ सोडणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना उष्णतेच्या काट्याचे महत्त्व कोणी निराळे सांगावयास नको. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच असल्यामुळे तेथे उघडे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे दाब धरणारे झाकण शाबूत असेल तर ही मर्यादा बरीच वर जाते, पण झाकणाचे रबर कुजलेले असेल तर ती दहा रुपयांची वस्तू हजारोंचे सिलिंडर हेड वाकविते. गरम गाडीचे ते झाकण घाईने उघडून हात भाजून घेतलेली मंडळी प्रत्येक घराण्यात एखादी तरी निघे.

याच वाटेवरचे हरिहर आणि तिच्या टोकाचे बंगळूर ही दोन्ही गावे किर्लोस्करांच्या नावाशी निगडित आहेत. गुर्लहोसूरच्या लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. हरिहरास म्हैसूर किर्लोस्करांची यंत्रे घडविणारी यंत्रे तयार होऊ लागली, आणि १९४६ साली बंगळुरास किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. याच घराण्यातील विक्रम किर्लोस्करांनी १९९७ मध्ये जपानच्या टोयोटाशी भागीदारी करून शहराबाहेर बिडदीला मोटारींचा कारखाना काढला. विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांना जे नाकारले गेले ते साठ वर्षांनी एका मराठी आडनावाने त्याच परिसरात साधले, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. तेथून २००० साली निघालेली क्वालिस ही गाडी संगणक कंपन्यांच्या नोकरवर्गाची रात्रंदिवस ने-आण करू लागली आणि थोड्याच वर्षांत बंगळुरी रात्रीचे ते एक नित्याचे दृश्य झाले.

देखभालीची आठवण देणारा आणखी एक अधिकारी या नगरीत आहे, आणि तो कोणत्याही कंपनीचा चाकर नाही. नवरात्रातील नवमीला, आपल्याकडे जी खंडेनवमी, तिला म्हैसूर मुलखात आयुध पूजा म्हणतात, आणि त्या दिवशी राजवाड्यातील शस्त्रे, हत्ती, घोडे यांबरोबर मोटारींचीही पूजा होते. बंगळुरात बसच्या आगारांपासून रिक्षाच्या अड्ड्यापर्यंत प्रत्येक वाहन धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, चाकांखाली लिंबे ठेवून उभे केले जाते आणि कोहळ्याला कुंकू भरून तो रस्त्यावर फोडला जातो. त्या फोडींवरून दुसऱ्या दिवशी दुचाक्या घसरतात ही गोष्ट वेगळी. सुशिक्षितांनी या प्रथेला हसावे असा प्रघात आहे. परंतु वर्षातून एकदा गाडी तळापासून धुतली गेली, टायरांच्या खाचांत अडकलेले खिळे दिसले, झिजलेल्या पट्ट्याकडे आणि गळणाऱ्या नळीकडे कोणाचे तरी लक्ष गेले, तर त्या पूजेने एका चांगल्या तपासनीसाचे काम केले असे म्हणावे लागेल. कित्येक गॅरेजांत नवमीच्या आधीचा आठवडा हा वर्षातला सर्वांत गर्दीचा असतो, त्याचे कारण हेच.

या गॅरेजांना माल पुरविणारी पेठ म्हणजे जयचामराजेंद्र रस्ता, ज्याला सर्वजण जे. सी. रोड म्हणतात. क्लच प्लेटपासून हॉर्नपर्यंत सर्व नवा माल तेथे, आणि जुना माल शिवाजीनगरच्या गुजरीत, अशी वाटणी पूर्वापार आहे. शिकाऊ पोरगा आधी पाने पुसतो, मग चाक काढतो, मग ब्रेक, मग इंजिनापाशी त्याला उभे केले जाते. पुस्तक नाही, सनद नाही, उस्तादाच्या कानामागे आपला कान नेत नेत तो शिकतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली, तिच्याबरोबर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपांची साखळी आणि मोफत सर्व्हिसची पुस्तिका आली, तेव्हा या पेठेला पहिला धक्का बसला. पण इंजिन अजून कार्बोरेटरचेच होते, आणि जोवर कार्बोरेटर होता तोवर कानाची विद्या चलनात होती.

खरा पालट घडविला तो धुराने. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरात युरोपीय धाटणीची उत्सर्जन-मर्यादा लागू करण्याचा हुकूम दिला, आणि त्याची पूर्तता करण्यासाठी कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. बंगळुरास भारत स्टेजचा दुसरा टप्पा २००३ मध्ये, तिसरा २००५ मध्ये आणि चौथा २०१० मध्ये लागू झाला. चौथ्या टप्प्याबरोबर गाडीने आपल्या दोषांची नोंद स्वतःच ठेवावी अशी सक्ती आली, जी अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांना होती. १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा देशभर आहे. फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा अवतरला तो या क्रमाने. त्याचा मूळ उद्देश चालकाची सोय हा नव्हताच. गाडी हवा किती बिघडविते यावर पहारा ठेवण्यासाठी तो तैनात झाला, आणि म्हणूनच तो लागला तरी गाडी पुष्कळदा पूर्ववत् धावते आणि धनी म्हणतो की यात काही अर्थ नाही.

अर्थ असतो. दिव्यांच्या रंगांना आता जगभर एकच दस्तूर आहे: तांबडा म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे केवळ वर्दी. तेलाच्या झारीचे चिन्ह तांबडे उजळले तर इंजिन तत्काळ बंद करावे. पाण्याच्या लाटांतील उष्णतामापकालाही तोच न्याय. वर्तुळातील उद्गारचिन्ह दिसले तर प्रथम हँडब्रेक उतरविला आहे की नाही ते पाहावे, आणि उतरविलेला असूनही ते विझत नसेल तर ब्रेकचे तेल घटले आहे असे समजावे. बॅटरीची पेटी तांबडी दिसली म्हणजे दोष बहुधा बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या अल्टरनेटरात अथवा त्याच्या पट्ट्यात असतो. गाडी साठलेल्या विजेवर काही काळ जाईल, मग कोठेतरी उभी राहील. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांची सवड आहे, पण तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करते आहे आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या डब्याला जाळते आहे, असा त्याचा आशय. पेट्रोल भरल्यावर टाकीचे झाकण सैल राहिले एवढ्यानेही काही गाड्यांत हाच दिवा लागतो, हे मात्र त्याने आपल्या प्रतिष्ठेस शोभेसे केलेले नाही. १ जुलै २०१९ पासून पट्टा न बांधल्याचा आणि वेग ८० च्या वर गेल्याचा नाद करणेही नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. बंगळुरातील चालकास यांपैकी दुसरा नाद ऐकण्याची संधी क्वचितच लाभते.

चावी फिरविताच हे सारे दिवे क्षणभर एकदम लागतात आणि इंजिन सुरू होताच विझतात, यालाही हेतू आहे. वार्ताहर जिवंत आहेत याची ती हजेरी असते. जुनी गाडी घेताना या हजेरीकडे अवश्य लक्ष द्यावे. इंजिनाचा दिवा या क्षणी लागलाच नाही तर गाडी निर्दोष आहे असे न समजता दिवाच काढून टाकला असावा असे समजावे, कारण दोष दुरुस्त करण्यापेक्षा साक्षीदाराला गप्प करणे स्वस्त पडते आणि ही क्लृप्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वत्र परिचित आहे. मुदतीच्या आठवणीचेही असेच आहे. बहुतेक गाड्या दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलावयास सांगतात; परंतु सिल्क बोर्डाच्या चौकात तासन् तास एकाच जागी धुमसणाऱ्या इंजिनाचे किलोमीटर वाढत नाहीत, झीज मात्र वाढते. कंपन्यांच्या पुस्तिकांत अशा रखडत्या वाहतुकीसाठी मुदत कमी करावी असे बारीक अक्षरांत छापलेले असते. विमानांच्या कारखान्यातील तासांची गणना या शहराच्या रस्त्यांस किलोमीटरांहून अधिक लागू पडते, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

आडुगोडीच्या मायकोचे नाव कालांतराने बॉश झाले, आणि प्लगबरोबरच आज्ञावली हाही तेथील माल झाला. गाडीतील निरनिराळे संगणक एकाच तारेच्या जोडीवर परस्परांशी बोलू शकतील अशी जी भाषा बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडली, तिच्या आधाराने आज ब्रेकची खबर इंजिनाला आणि इंजिनाची खबर फळीला पोहोचते. मर्सिडीजची संशोधनशाळाही १९९६ पासून याच शहरात आहे, आणि २००१ मध्ये चेतन मैनींची रेवा ही इवलीशी विजेची गाडी येथूनच निघाली, जिच्या फळीवर तेलाच्या झारीला जागाच नव्हती. अशा रीतीने प्रधानाचे दप्तर हुजुरांच्या कानातून निघून काट्यात, काट्यातून दिव्यात, आणि दिव्यामागच्या पेटीत जाऊन बसले. आता ते पूर्वीपेक्षा शतपटीने तपशीलवार लिहिले जाते, पण धन्याला वाचता येत नाही.

ते वाचण्यासाठी सुकाणूखाली सोळा टाचण्यांचे एक खोबण असते. त्यात यंत्र लावले की पी ०३०० किंवा पी ०४२० असे संकेत उमटतात. शिवाजीनगरच्या मेस्त्रीनेही हे यंत्र आता पैदा केले आहे आणि जुन्या कानाला त्याची जोड दिली आहे. सामान्य संकेत त्याला कळतात, परंतु कंपनीने आपल्यापुरते राखून ठेवलेले संकेत, नव्या चावीची ओळख, बदललेल्या भागाची नोंद, ही दालने कुलपात राहतात. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची यंत्रे मिळू दिली जात नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांस मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक दालनही उघडले. व्यवहारात फरक पडतो आहे, पण सावकाश. काही गाड्यांत सर्व्हिसच्या आठवणीचा पान्याचा दिवा एक कळ दाबून धरली की विझतो, तर काहींत तो विझविण्यास कंपनीचे यंत्रच लागते. त्यामुळे विल्सन गार्डनच्या गॅरेजात उत्तम प्रतीचे ऑइल घालून, जुने फिल्टर स्वतः हातात घेऊन खात्री करून परतलेल्या गृहस्थाच्या समोर तो पाना महिनोन् महिने तेवत राहतो, आणि गाडीच्या रोजकीर्दीप्रमाणे ते ऑइल अद्याप बदललेलेच नसते.